मेथीचा वाफा सशांपासून कसा वाचवायचा? (न्यू जर्सी, घरामागची बाग)

गोदाकाठ (एडिसनजवळ, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी घर घेतलं आणि यंदा पहिल्यांदाच मागच्या अंगणात भाजी लावली. आई नाशिकहून आली आहे, ऑक्टोबरपर्यंत आहे, आणि हे सगळं तिच्याच हौसेने उभं राहिलंय. ४ बाय ८ फुटांचे दोन रेज्ड बेड आहेत, साधारण १० इंच उंच. शिवाय कुंपणाच्या कडेने जमिनीत एक लांब पट्टा. बेडमध्ये मेथी, कोथिंबीर, पालक. पट्ट्यात चवळी, घेवडा, गवार आणि टोमॅटो-मिरची-वांग्याची रोपं. दुधी आणि कारलं कुंपणावर चढवायचा विचार आहे.

मेथी बोटभर वर आली होती. शनिवारी सकाळी बघतो तर अर्धा बेड कात्रीने छाटल्यासारखा साफ. चवळी दोन पानांवर होती, तिचे नुसते दांडे उभे. घेवड्याचं तेच. मिरचीचे शेंडे गेले. टोमॅटोला मात्र कुणी तोंड लावलेलं नाही. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला डेकखालून एक ससा निघतो आणि लॉनवर क्लोव्हर खात निवांत बसतो. आईने हुसकावला की शेजाऱ्यांच्या हेजमध्ये पळतो, आम्ही आत गेलो की परत हजर.

आईने तिखट भुरभुरलं, मग लसूण-मिरचीचं पाणी फवारलं. रात्री पाऊस झाला आणि सगळं धुऊन गेलं. दुकानातून वासाचे दाणे आणले, त्यानेही फरक पडलेला दिसत नाही. शेजारी म्हणतात सापळा लावा. आई म्हणते डांबरगोळ्या टाकूया. कुणी म्हणतं झेंडू लावा. आमचं जे लाकडी कुंपण आहे त्याच्या फळ्यांमध्ये तीन-तीन इंचांच्या फटी आहेत, त्यामुळे ते असून नसल्यासारखं.

सशाला इजा करायची नाही, हे आईने आणि मी दोघींनी ठरवलंय. पण तिने पेरलेली मेथी तिच्या पानात पडायला हवी. नक्की काय करावं? आणि जून लागला, आता मेथी पुन्हा पेरली तर येईल का?

हडसनपार (जर्सी सिटी)

आमच्या जुन्या घरी कुत्रा होता, त्यामुळे ससे फिरकत नसत. सलूनमधून केस आणून वाफ्याभोवती टाकतात असं ऐकलंय. सुवासिक साबणाच्या वड्या जाळीच्या पिशवीत टांगतात तेही बघितलंय, पण ते बहुतेक हरणांसाठी. झेंडू लावून बघा, निदान फुलं तरी मिळतील.

अळूवडी (मध्य जर्सी)

गोदाकाठ, आईंना माझा नमस्कार सांग. अगं-तुगं करतेय, माझ्या मुलीच्या वयाची असशील. मी मूळची सांगलीची. इथे भाजी लावायला लागून पुष्कळ वर्षं झाली आणि ह्या सशांचं येणं-जाणं मला चांगलं ठाऊक आहे. तुला एकच गोष्ट हवी आहे: जाळी, आणि तीही जमिनीशी घट्ट बसलेली. बाकीच्या उपायांवर पैसे घालवू नकोस. आईंच्या हातात जेमतेम एक हंगाम आहे, तो प्रयोगांत जायला नको.

तरी आधी खाणारा कोण ते नक्की कर, कारण प्रत्येकाचं कुंपण वेगळं असतं. उरलेला चवळीचा दांडा खुडून उजेडात धर. काप तिरपा आणि ब्लेडने घेतल्यासारखा स्वच्छ असेल तर ससा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ते पाला ओढून तोडतं, म्हणून देठाला धागे निघालेले दिसतात, आणि ते कमरेच्या वरपर्यंतही खातं. रोप मुळाशी तुटून तिथेच आडवं पडलेलं असेल तर ती मातीतली कातरणारी अळी. ससा कापलेलं टाकून जात नाही. पानाच्या मधोमध भोकं आणि चकाकणारा चिकट माग असेल तर गोगलगाय. बेडच्या आसपास वाटाण्याएवढ्या गोल, कोरड्या लेंड्या शोध. एक फोडलीस तर आत गवताचा भुगा दिसेल. त्या सापडल्या की शंका उरत नाही. तू वर्णन केलंयस त्यावरून आणि टोमॅटो सोडलाय त्यावरून मला तरी तो ससाच वाटतो. फक्त भर दुपारी कुणी जाडजूड, तपकिरी, आखूड शेपटीचं येऊन वाफाच्या वाफा खात असेल तर तो ग्राउंडहॉग. तो खणतो आणि चढतोही, त्याला खालच्या जाळीने होणार नाही.

आता डांबरगोळ्यांचं. आईंना हे नीट समजावून सांग, कारण आपल्याकडे कपाटात, बाथरूममध्ये सर्रास टाकतात, त्यामुळे त्या निरुपद्रवी वाटतात. त्यात नॅफ्थलीन नाहीतर पॅराडायक्लोरोबेन्झिन असतं. बंद डब्यात कपड्यांबरोबर ठेवण्यासाठीच त्यांना परवानगी आहे. मोकळ्या बागेत टाकणं म्हणजे लेबलाविरुद्ध कीटकनाशक वापरणं, आणि अमेरिकेत ते बेकायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ज्या मातीतली मेथी आपण निवडून, चिरून पोटात घालणार, त्या मातीत हे विष कशाला? शेजारची लहान मुलं ते पांढरे गोळे गोळ्या-बिस्किटं समजून उचलतात, ती भीती वेगळीच.

वासाचे जे दाणे आणि फवारे मिळतात, त्यांत बहुतेक वेळा कुजक्या अंड्याचा अंश, लसूण, नाहीतर मिरचीचा अर्क असतो. नवे असताना थोडे दिवस चालतात. पण पाऊस पडला की पुन्हा मारायचे, नवं पान फुटलं की पुन्हा मारायचे, आणि मेथी-पालकाचं तर पानच खायचं असतं, त्यावर हे मारायचं कसं? कितीतरी फवाऱ्यांच्या लेबलवर खायच्या भागावर वापरू नये असं लिहिलेलंच असतं. वाळवलेल्या रक्ताची पूड मिळते, ब्लड मील म्हणतात. तिच्यात १२ टक्क्यांच्या आसपास नत्र असतं, खत म्हणून ती उत्तम. ससे थांबवायला तिच्यावर भिस्त ठेवू नकोस. झेंडूही ससे खातात, विशेषतः कोवळा. लाव जरूर, दसऱ्याला तोरणाला होईल.

सापळ्याचा विचार मनातून काढ. वन्य प्राणी पकडून दुसरीकडे सोडण्याला राज्याचे नियम आहेत, वन्यजीव खात्याला विचारल्याशिवाय करू नये. आणि उपयोगही नाही. आपल्याकडचा हा कॉटनटेल ससा मार्चपासून सप्टेंबरपर्यंत वितो. मादी सुमारे २८ दिवसांत विते, एका वेळी चार-पाच पिल्लं, आणि लगेच पुढच्या वेताची तयारी. एक नेऊन सोडलास तर त्याची जागा आठवड्यात भरते.

म्हणून जाळी. कशी ते सविस्तर सांगते, कारण इथेच लोक घाई करतात.

षटकोनी भोकांची चिकन वायर घे, भोक १ इंचाचं. २ इंची स्वस्त पडते, पण पिल्लं तिच्यातून आरपार जातात. वाफ्याच्या आतच चरायला लागतात आणि मग बाहेर निघत नाहीत. रोलची रुंदी ३ फूट घे. खालचे ८ इंच बाहेरच्या बाजूला काटकोनात वाक, म्हणजे सशाच्या बाजूला जमिनीवर सपाट पसरतील. उरलेली जाळी सव्वादोन फुटांच्या वर उभी राहते, आणि ह्या सशाला तेवढी उंची पुरते. तो उडी मारून येईल अशी सगळ्यांना भीती असते. तो येतो खालून. कुंपणाच्या अगदी पायाशी येऊन नाक खुपसतो, जिथे जाळी वर उचललेली असेल तिथून अंग सपाट करून आत सरकतो. माती भुसभुशीत असेल तर थोडी उकरतो. बाहेर पसरलेल्या जाळीवर तो उभा असतो, म्हणून उकरायला गेला तर नखाला तार लागते. आठ इंच मागे सरकून तिथून खणावं हे त्याला सुचत नाही.

पसरलेला भाग लँडस्केप स्टेपलनी, म्हणजे त्या यू आकाराच्या लोखंडी पिना मिळतात त्यांनी, फुटा-फुटावर जमिनीत ठोक. वर दोन इंच मल्च, म्हणजे लाकडाचा चुरा, टाक. हे मल्च महत्त्वाचं. नाहीतर लॉन कापताना मशीनचं पातं तारेत अडकतं आणि एका झटक्यात सगळी जाळी उपटून येते. दर पाच-सहा फुटांवर एक लोखंडी खांब, कोपऱ्यांवर जरा मजबूत. जाळी खांबाला झिप टायने बांध, वर, मध्ये आणि अगदी खाली. खालचा टाय बरेच जण गाळतात.

अख्खं अंगण वेढू नकोस. फटींच्या लाकडी कुंपणाला सगळीकडून जाळी मारायची म्हणजे खर्च आणि दमणूक, शिवाय शेजाऱ्यांशी बोलणं आलं. फक्त त्या पट्ट्याला गोल घाल. पट्ट्याची एक बाजू लाकडी कुंपणाला लागून असेल तर तेवढ्या भागावर खालून दोन फूट हार्डवेअर क्लॉथ मार, म्हणजे अर्धा इंची चौकोनी भोकांची तारेची जाळी.

मेथीच्या बेडना मी कुंपण घालणार नाही, झाकण करीन. लाकडाच्या पट्ट्यांची ४ बाय ४ ची चौकट, फूटभर उंचीची, वर आणि चारी बाजूंना चिकन वायर. एका बेडवर अशा दोन बसतात. ८ फुटांची एकच केलीस तर आईंना एकटीने उचलता येणार नाही, आणि मेथी खुडायला तर त्या रोज सकाळी जाणार. पांढरं कापड मिळतं वाफे झाकायला, ते एप्रिलमध्ये चांगलं. जूनमध्ये त्याखाली उकाडा साठतो आणि कोथिंबीर फुलावर येते.

आत काय आणि बाहेर काय हे ठरवलंस तर जाळीही कमी लागेल. शेंगवर्गातलं सगळं आत: चवळी, घेवडा, गवार, मटार. मेथीसुद्धा त्याच कुळातली, म्हणून तिच्यावर सशाचा इतका जीव. पालक, बीट, गाजर, कोथिंबीर, लेट्यूस आत. मिरची आणि वांगी लहान असेपर्यंत आत. टोमॅटो, बटाटा, कांदा, लसूण माझ्याकडे वर्षानुवर्षं उघड्यावर आहेत. अळूला तर तो तोंडच लावत नाही, आपल्या घशाला जी खाज सुटते तीच त्यालाही सुटत असणार. दुधी, दोडका, भोपळा यांची पानं मोठी आणि खरखरीत झाली की सोडतो, पण पहिल्या दोन-तीन पानांपर्यंत प्रत्येक रोपाभोवती जाळीचं छोटं नळकांडं उभं कर. उन्हाळा कडक गेला आणि गवत वाळलं तर भुकेला ससा काहीही खाईल, हेही लक्षात ठेव.

मेथीचं: जूनमध्ये पेरलीस तर उगवेल, पण आपल्या उन्हात लवकर फुलावर येते आणि जास्तच कडू होते. दुपारी सावली मिळते असा कोपरा असेल तर थोडी पेर, चार बोटं झाली की उपट. खरी मेथी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पेर. सप्टेंबरच्या शेवटी जुडी हातात येईल, आईंच्या जाण्याआधी. वाण्याकडची मेथी चालते, रात्रभर भिजवून. तोपर्यंत त्या बेडमध्ये लाल माठ आणि अंबाडी टाका. दोघांनाही ऊन आवडतं आणि जुलैत रोज भाजी निघते. झाकण मात्र त्यांच्यावरही हवं.

बांधावरून (पुरंदर तालुका)

अळूवडीताई, वाचून बरं वाटलं. आमच्याकडचा ससा वेगळ्या जातीचा, काळ्या मानेचा, अंगाने मोठा, पण खोड तीच. दिवसा बांधाच्या गवतात नाहीतर करवंदीच्या जाळीखाली दबून बसतो, रात्री रानात उतरतो. हरभरा वीतभर असताना शेंडे खुडतो. थोडे खुडले तर फुटवा वाढतो म्हणून शेतकरी दुर्लक्ष करतो, पण कोथिंबीर-गाजराच्या वाफ्यात शिरला तर माळव्याची पट्टीच, म्हणजे भाजी विकल्याचे पैसेच, येत नाहीत.

आम्ही जुन्या साड्या बांधतो. बांबू नाहीतर बाभळीचे दांडके ठोकायचे, सुतळीने साड्या ताणून वाफ्याला वेढा द्यायचा, खालचा काठ मातीत दाबायचा. रानडुकरांसाठी पण हेच करतात. आडोशापलीकडचं दिसत नाही, वाऱ्याने कापड फडफडतं, जनावर बिचकतं. उन्हाने साडी विरते, पण एक पीक निघून जातं. आठवडे बाजारात जुन्या साड्या ढिगाने मिळतात. गोदाकाठताई, तुमच्या आईने हे बघितलेलं असणार.

दोन गोष्टी मात्र इथल्या वाचणाऱ्या शेतकऱ्यांसाठी सांगतो. वाघूर, म्हणजे शिकारीचं जाळं, किंवा तारेचे फासे लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे ससा पकडणं, मारणं गुन्हा आहे, आणि फाशात कुत्री, मांजरं, कोल्हीपण अडकून तडफडतात. आणि कुंपणात घरच्या लाइनचा करंट सोडू नका. आपल्याच घरातला माणूस रात्री पाणी द्यायला जातो. झटका मशीन घेतलं तर मान्यताप्राप्त घ्या, ते थांबून थांबून धक्का देतं, जीव घेत नाही.

टाऊनहाऊसवाली (प्लेन्सबरो)

आमच्या सोसायटीत कुंपण घालायला परवानगीच नाही. पॅटिओवर कुंड्या आहेत. ससा बुटक्या कुंड्यांत चढून पुदिना सोडून सगळं खातो. माझ्यासाठी काही आहे का?

अळूवडी

बांधावरून, साड्यांचा उपाय माझ्या माहेरच्या रानात बघितलाय. इथे अंगणात तो टिकणार नाही. इथला ससा माणसांत वाढलेला, फडफडणाऱ्या कापडाला बिचकत नाही, काठ दाताने ओढून आत जातो. करंटबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत.

टाऊनहाऊसवाली, कुंड्या उचलून दोन-अडीच फुटांच्या टेबलावर किंवा लोखंडी स्टँडवर ठेव. शेजारी खुर्ची, पायरी, पाण्याचा डबा असं काही ठेवू नकोस, त्यावरून तो चढतो. मोठ्या कुंड्या हलत नसतील तर कुंडीच्या आतल्या कडेला जाळीचं नळकांडं खुपसून उभं कर, दोन फूट उंच. ते कुंपणात मोडत नाही, तरी तुमच्या सोसायटीची नियमावली एकदा वाचून घे.

गोदाकाठ

अळूवडीताई, काय बोलू! लेंड्या सापडल्या, चवळीचा काप तिरपाच आहे. आईने वाचून घेतलं, डांबरगोळ्यांचा विषय बंद. साड्यांचं वाचून ती खूश झाली, म्हणाली आमच्या द्राक्षाच्या मळ्याशेजारी असंच करायचे. जाळी, खांब, पिना आणल्या आहेत, शनिवारी काम काढतोय.

पण काल एक वेगळंच झालं. नवरा लॉन कापत होता, डेकपासून आठ-दहा फुटांवर त्याला वाळल्या गवताचा एक गोळा हललेला दिसला. मशीन बंद करून बघितलं तर खाली खळगा, त्यात मऊ लोकर, आणि चार पिल्लं. डोळे मिटलेले, अंगावर जेमतेम लव. आईचा जीव कासावीस झाला. तिने वरून गवत परत पांघरलं. रात्रभर मोठा ससा काही आम्हाला दिसला नाही. आई म्हणते, त्यांची आई सोडून गेली असेल, कापसाच्या बोळ्याने दूध पाजूया का? आणि माणसाचा हात लागला तर ती त्यांना टाकून देते हे खरं का? शनिवारी तिथेच बाजूला खांब ठोकायचेत, ते करू की थांबू?

अळूवडी

दूध अजिबात नको. गाईचं नको, कसलंच नको. जंगली पिल्लाला आपल्या हातून पाजलेलं दूध बहुधा फुप्फुसात जातं नाहीतर पोट बिघडतं, आणि ते मरतं. आईंनी गवत परत पांघरलं, बरोबर तेच करायचं होतं.

मादी सोडून गेलेली नाही. ती दिवसभर घरट्याकडे फिरकतच नाही, मुद्दाम. तिथे बसून राहिली तर कोल्ह्याला आणि ससाण्याला पत्ता मिळेल. ती पहाटे आणि संध्याकाळी अंधार पडताना येते, काही मिनिटं पाजते, वरून गवत-लोकर ओढून निघून जाते. माणसाच्या वासाने ती पिल्लं टाकत नाही. तरी उगाच उघडून बघायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

खात्री हवी असेल तर असं कर. घरट्यावर बारीक काटक्या आडव्या-उभ्या चौकटीसारख्या ठेव, किंवा दोऱ्याचे तुकडे. संध्याकाळी ठेव आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लांबूनच बघ. काटक्या विस्कटल्या असतील आणि गवत पुन्हा नीट पांघरलेलं असेल तर ती येऊन गेली. काटक्या जशाच्या तशा राहिल्या आणि पिल्लं मलूल, सुरकुतलेली दिसली तरच वन्यप्राणी पुनर्वसनाचा परवाना असलेल्या माणसाला फोन कर. राज्याच्या वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर यादी असते. मांजराने धरलेलं पिल्लू असेल तर वाट न बघता लगेच, जखम बारीक दिसली तरी, कारण मांजराच्या दातांतले जंतू फार लवकर भिनतात. हातमोजे घालूनच उचल. मेलेला ससा कधी दिसला तर तोही उघड्या हाताने उचलायचा नाही, त्यांच्यापासून माणसाला ट्यूलरेमिया नावाचा ताप होऊ शकतो.

घरट्याभोवती चार-पाच फुटांचा गोल सोडून बाकीचं लॉन काप. नवऱ्याला लक्षात राहावं म्हणून कडेला दोन-तीन रंगीत झेंड्या खोच, ते दुकानात मिळतात तसले. घरटं उचलून दुसरीकडे ठेवू नका, तिला ते सापडणार नाही.

खांब शनिवारी खुशाल ठोका, ती एवढ्याने जात नाही. फक्त काम दुपारी करा आणि संध्याकाळ व्हायच्या आत अंगण रिकामं करा. घरटं जाळीच्या बाहेर राहिलं पाहिजे, हे आखणी करतानाच बघ. आत आलं तर ती दोन दिवस कुंपणाला घिरट्या घालेल आणि पिल्लं उपाशी मरतील. आखणी बदलता येत नसेल तर त्या बाजूची एक पट्टी पिल्लं निघेपर्यंत उघडी ठेव. पंधरा दिवस ते तीन आठवडे, बास. पिल्लू टेनिसच्या चेंडूएवढं झालं, डोळे उघडे, कान उभे, की ते स्वतःच्या पायावर उभं राहिलं. तेवढंसं दिसतं म्हणून लोक त्याला अनाथ समजून घरात आणतात. तसं करायचं नाही.

डेकखालची जागा बंद करायचा विचार तू करशील, करायलाच हवा. पण तो शेवटी. डेकच्या कडेला सगळीकडून हार्डवेअर क्लॉथ मारण्याआधी आत कुणी उरलेलं नाही याची खात्री करायची. तोंडाशी चिमूटभर पीठ पसरून दोन-तीन रात्री पावलं बघ. फक्त बाहेर जाणारी पावलं दिसली, नंतर काहीच नाही, मग बंद कर. तिथे मादी वितेय असं वाटलं तर सरळ ऑक्टोबरवर ढकल.

बांधावरून

ताई, आमच्याकडच्या सशाची पिल्लं जन्मतःच डोळे उघडी आणि अंगावर केस घेऊन येतात, खळगा-लोकर असं काही नसतं, गवतात नुसती बसून राहतात. ऊस तोडताना, गवत कापताना सापडतात. पोरं उचलून घरी आणतात, दोन दिवसांत मरतात. तुमचं वाचून आता इथल्या शाळेतल्या पोरांना सांगतो, जिथली तिथे ठेवा म्हणून.

गोदाकाठ

काटक्या आज सकाळी विस्कटलेल्या होत्या आणि गवत जागच्या जागी! आईने गोल आखून भोवती झेंड्या लावल्या. जाळीची आखणी दीड फूट आत घेतली, गवारीची एक ओळ कमी झाली, ती म्हणाली जाऊ दे.

शेवटचा प्रश्न. पट्ट्यात शिरायला दार कसं करू? नवऱ्याने दोन फुटांची लाकडी चौकट बनवून तिला जाळी ठोकली आहे, बिजागऱ्याही लावल्यात. पण जमीन तिथे उतरती आहे, दार उघडायला खाली जागा सोडावी लागतेय. आणि यंदा एक अंजीर लावलंय, त्याला हिवाळ्यात काही करावं लागेल का?

अळूवडी

दाराखालीच सगळा घोळ होतो, बरं झालं विचारलंस. उंबरठा कर. दाराच्या खाली जमिनीत दोन पेव्हर, म्हणजे फरसबंदीच्या लाद्या, आडवे, एका पातळीत बसव, उताराच्या बाजूला माती भरून. दार त्यांच्या वरून फिरू दे. मग फट एक इंचाच्या आत ठेव. तरी राहिली तर दाराच्या खालच्या पट्टीला जाड रबराची झालर ठोक. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असू दे. कडी वर आणि खाली अशी दोन ठिकाणी लाव, एकाच कडीने खालचा कोपरा ढकलला की वाकतो.

अंजिराला नक्की करायचं. हिवाळ्यात हिरवं काही नसतं तेव्हा ससे कोवळ्या झाडांची साल सोलतात, आणि सगळ्या बाजूंनी गोल सोलली गेली की वरचं झाड मरतं. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आधी खोडाभोवती हार्डवेअर क्लॉथचं नळकांडं लाव, खोडापासून तीन-चार इंच लांब, म्हणजे जाळीतून तोंड घालून पोचणार नाही. उंची नेहमीच्या दोन फुटांवर थांबवू नकोस. बर्फ साचलं की ससा त्या बर्फावर उभा राहून वरची साल खातो, म्हणून आपल्याकडे जेवढं बर्फ साचतं त्याच्या वर आणखी दोन फूट. अंजीर थंडीने वरून जळतं म्हणून बरेच जण गोणपाटात गुंडाळतात. जाळी आत, गोणपाट बाहेर. वसंतात काढायला विसरू नकोस, खोड जाड होत जातं.

उताराच्या जागी दाराखाली आत्ता किती फट आहे ते दोन्ही कोपऱ्यांवर मोजून सांग. मग पेव्हर किती जाडीचे आण ते सांगते.

गोदाकाठ

डावीकडे एक इंच, उजवीकडे साडेतीन.

अळूवडी

मग उजवीकडे २ इंची पेव्हर आण, खाली इंचभर वाळू ठोकून बसव, अर्ध्या इंचाची फट उरेल. डावीकडे जमीन थोडी खणून तसाच दुसरा पेव्हर त्याच पातळीत घाल. दार मग सरळ फिरेल.